पाडवा आणि पाठभेद

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी आपल्या घरातला पहिला घास कडू असतो. कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी, मिळालीच तर मोहोराची चिमूट, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, मिरे, हिंग, चिंच, मीठ आणि हे सगळे घशाखाली उतरावे म्हणून घातलेला गुळाचा खडा. पाट्यावर वाटायची ती चटणी आता मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरते, एवढाच काय तो काळाचा फरक. लेकरे नाक मुरडतात, आजी प्रसाद म्हणून तळहातावर बोराएवढी गोळी ठेवते, आणि ती गिळल्याशिवाय श्रीखंडाची वाटी पुढे सरकत नाही. कडू आधी, गोड मागून, हा क्रम कोणी लावून दिला हे आपण विचारत नाही. आईने केले म्हणून आपण करतो, आणि आपण करतो म्हणून पुढे कोणी करील अशी आशा बाळगतो.

मग पंचांग निघते. पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहायचे, गणपतीचे नाव घ्यायचे आणि नव्या वर्षाचे संवत्सरफल वाचायचे. यंदा शके १९४८, संवत्सराचे नाव पराभव. नाव ऐकून एखाद्याच्या कपाळाला आठी पडेल. पण साठ नावांचे हे रहाटगाडगे कोणाची मर्जी पाहून फिरत नाही. ज्याची पाळी त्याने यायचे, एवढाच त्याचा नेम. तरीही मागे वळून पाहताना या नावांची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. सहा वर्षांपूर्वी, शके १९४२ मध्ये जे संवत्सर लागले त्याचे नाव शार्वरी, म्हणजे रात्र. त्याच्या पुढचे प्लव, म्हणजे तराफा. ज्योतिषावर आपला विश्वास असो वा नसो, त्या दोन वर्षांना याहून चपखल नावे एखाद्या कवीलाही सुचली नसती. रात्र पडली, आणि मग हाताला लागेल त्या फळकुटाला धरून आपण तरंगत राहिलो.

त्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, पाडवा २५ मार्चला होता. होळीच्या दिवशी, ९ मार्चला, राज्यातले पहिले करोनाबाधित पुण्यात आढळले होते. सोळा दिवसांत पाडवा आला आणि देशाचे दार लागले. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि पुढच्या तासाभरात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जी झुंबड उडाली ती अजून डोळ्यांपुढे आहे. साखरेची गाठी आणायची राहिली, ती राहिलीच. सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या त्या अशा : कुठे वेळूच्या काठीऐवजी जळमटे काढायच्या झाडूचा दांडा, कुठे गाठीऐवजी दोऱ्यात ओवलेल्या खडीसाखरेचे चार खडे, खाली सोसायटीच्या आवारातल्या कडुनिंबाची डहाळी, तीही वॉचमनने लांबूनच ठेवलेली. तांब्या मात्र नेहमीचाच होता. खिडक्याखिडक्यांतून त्या गुढ्या दिसत होत्या आणि खाली रस्त्यावर कुत्र्याशिवाय कोणी नव्हते.

पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला. त्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दूरचित्रवाणीवरून पुढच्या रात्री आठपासून पंधरा दिवसांचे निर्बंध जाहीर केले. ‘ब्रेक द चेन’ हे त्याचे नाव. श्रीखंड खाऊन झाले होते, आणि बहुतेक घरांत कोणीतरी कोणासाठी तरी खाट शोधत फोनवर होते. त्याच्याही पुढच्या वर्षी, २ एप्रिल २०२२ ला, सरकारने पाडव्याचाच मुहूर्त साधून सगळे निर्बंध उठवले, मुखपट्टी ऐच्छिक केली, आणि गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत ढोलताशांनी दोन वर्षांचे मौन एका सकाळी फेडून टाकले. दार लागले पाडव्याला, पुन्हा लागले पाडव्याला, उघडले तेही पाडव्यालाच. साडेतीन मुहूर्तांतल्या या एका मुहूर्ताच्या अंगावर त्या साथीची अशी तीन गोंदणे आहेत. म्हणून आजच्या दिवशी थोडा हिशेब मांडला तर औचित्यभंग व्हायचा नाही. काही व्यापारी आजच्या दिवशी वही पूजतात. आपणही आपली उघडू.

हिशेबाला बसले की पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हा एकच आजार आपल्या दारी इतक्या वेगवेगळ्या नावांनी का आला? अल्फा, डेल्टा, ओमायक्रॉन, मग जेएन.१, मग गेल्या उन्हाळ्यातले एनबी.१.८.१ आणि एलएफ.७. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘नवा अवतार’ म्हटले. शब्द कानाला बरा लागतो, पण त्यात एक गफलत आहे. अवतार वरून उतरतो, काही कार्य मनात धरून येतो. विषाणूला मन नाही आणि कार्यही नाही. त्याच्यापाशी आहे ती एक पोथी. अक्षरे चारच, पण मजकूर २९,९०३ अक्षरांचा. ती पोथी आपल्या पेशीत शिरते आणि पेशीच्याच दौत-लेखणीने स्वतःच्या नकला उतरवून घेते. नकलायचे म्हटले की चुका आल्या.

ही गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. ज्ञानदेवांचा ग्रंथ शके १२१२ चा. त्यानंतर तीनशे वर्षे तो हातोहात, गावोगाव उतरवला गेला. कोणाचे डोळे दिव्याच्या उजेडात थकले, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने ओळखीचा घातला, कोणी ओळ गाळली, कोणी भक्तीच्या भरात पदरची जोडली. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी त्या साऱ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि आज आपण ज्ञानेश्वरी वाचतो ती त्या श्रमांच्या पुण्याईवर. विषाणूचा नवा प्रकार म्हणजे याच जातीचा पाठभेद. करोना विषाणूजवळ तर स्वतःचा एक मुद्रितशोधकसुद्धा असतो, नकल तपासणारे विकर. म्हणून त्याच्या चुका इन्फ्लुएंझाच्या मानाने कमी होतात. तरीही एका वंशात महिन्याला साधारण दोन अक्षरे फिरतात. बहुतेक चुका निरर्थक ठरतात किंवा त्या नकलेबरोबरच विरून जातात. एखादीच अशी निघते की जिच्यामुळे विषाणूचा काटा आपल्या पेशीच्या कुलपात अधिक घट्ट बसतो, किंवा आधीच्या आजाराने नाहीतर लशीने तयार झालेल्या पहारेकऱ्यांना तो ओळखू येत नाही. मग त्या पाठाच्या प्रती बाकीच्यांहून भराभर निघतात आणि चार-सहा महिन्यांत तोच रूढ पाठ होऊन बसतो.

पोथीचा लेखनिक दूर कुठे मठात बसलेला असे. या पोथीचे लेखनिक आपणच. प्रत्येक आजारी शरीर हा तिच्या नकलांचा एक कारखाना. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, ज्यांच्या अंगातून विषाणू आठवड्यात न जाता महिनोन्महिने मुक्काम करतो, त्यांच्या ठायी एकदम पुष्कळ अक्षरे फिरलेले पाठ तयार होतात, असे जाणकारांचे निदान आहे. तेव्हा दुसऱ्या कोणाच्या घरातल्या दुर्लक्षित आजाऱ्याशी आपला काय संबंध, असे म्हणायची सोय त्या पोथीने ठेवलेली नाही.

पाठभेद ओळखायचे कसे, हेही पुण्यातच शिकता येते. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरच्या १,२५९ हस्तलिखितांचा आधार घेऊन, श्लोकाशी श्लोक ताडत ते काम चालले, आणि वि. स. सुकथनकरांनी त्याला जी शिस्त लावली तिचे सूत्र मोठे सोपे होते : ज्या दोन पोथ्यांत एकच चूक सापडते, त्या एकाच आईच्या लेकी. चुकांवरून वंशावळ काढायची. ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. म्हणजे, जाता जाता नोंदवायला हरकत नाही, शके १८८८ मध्ये. आणि त्या संवत्सराचे नावही पराभवच होते. साठ वर्षांनी तेच नाव फिरून आले आहे. नावात अपशकुन शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

त्याच पुण्यात, वाहतूक नसेल तर अर्ध्या तासाच्या अंतरावर, पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या प्रयोगशाळा आहेत. संस्था १९५२ पासूनची. २०२०-२१ मध्ये तिथे जे चालले होते ते सुकथनकरांच्याच जातीचे काम होते, फक्त बोरूच्या जागी यंत्र. आपल्या नाकात खोलवर घातलेली ती लांब काडी आठवावी, डोळ्यांत टचकन आलेले पाणी आठवावे. ती काडी गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवायची, दांडी मोडून झाकण घट्ट लावायचे, नळीवर चिकटपट्टीने नाव आणि क्रमांक, बर्फाच्या पेटीत ती नळी, पेटी मोटारीत. चाचणी होकारार्थी आली आणि ‘सीटी व्हॅल्यू’ पुरेशी कमी असली, म्हणजे नमुन्यात विषाणू भरपूर असला, की त्यातल्या काही नळ्या पुढे वाचनासाठी निवडायच्या. मजकुराचे हजारो तुकडे करायचे, यंत्राने एकेक तुकडा वाचायचा, आणि संगणकाने ते सारे तुकडे वुहानच्या मूळ प्रतीवर मांडून पाहायचे. ती मूळ प्रत चिनी शास्त्रज्ञांनी ११ जानेवारी २०२० ला साऱ्या जगासाठी खुली केली होती. कुठले अक्षर फिरले, कुठले गळले, याची यादी अखेर पडद्यावर उमटते. पूजेला बसल्यासारखे एकाग्र होऊन करायचे हे काम. ते करणारी बहुतेक मुले-मुली पंचविशी-तिशीतली होती, घरच्यांपासून लांब राहत होती. त्यांचा सत्कार कुठल्या शोभायात्रेत झाल्याचे आपल्या पाहण्यात नाही.

वाचनाची अशी व्यवस्था देशपातळीवर लागली ती डिसेंबर २०२० मध्ये. ‘इन्साकॉग’ नावाने दहा प्रयोगशाळा एकत्र आल्या, त्यांपैकी दोन पुण्याच्या. फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण अचानक वाढू लागले. अमरावती, अकोला, यवतमाळ ही नावे रोज पहिल्या पानावर येऊ लागली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. मुंबई-पुण्याच्या आपण मंडळींनी ते वाचले आणि लग्नाच्या याद्या करायला बसलो. साथ संपली अशी आपली खात्री होती, लस आली होती, सभा-समारंभ सुरू होते. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन अक्षरबदल जोडीने दिसत आहेत, आणि त्यांचे प्रमाण १५ ते २० टक्के आहे. ‘डबल म्युटंट’ हा शब्द आपण त्या आठवड्यात शिकलो. या कुळातले नमुने देशात ऑक्टोबरपासून होते, हे पुढे नोंदले गेले. पाठभेद सापडला होता. त्याचा अर्थ लागून तो दवंडीने गावात जाईपर्यंत मजकूर घराघरांत नकलून झाला होता. याच कुळातल्या एका शाखेला, बी.१.६१७.२ ला, पुढे डेल्टा म्हटले गेले, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत तो जगभर रूढ पाठ झाला.

त्या दिवसांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी कळंबोलीहून सात रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला धाडले, आणि ते प्राणवायूने भरून २३ आणि २४ तारखेला नागपूर-नाशिकला उतरले. श्वासासाठी आगगाडी धावली, ही नोंद आपल्या पिढीच्या वहीत कायमची राहील. पहिल्या लाटेत घरात एकाला होई आणि बाकीचे वाचत. या वेळी एकाला झाले की घर झोपे. राज्याच्या अधिकृत नोंदीत साथीच्या सगळ्या वर्षांचे मिळून १ लाख ४८ हजारांहून अधिक मृत्यू आहेत. आज ज्या दारांवर गुढी नाही, त्यांतल्या काही दारांमागचे कारण त्या आकड्यात आहे, आणि काहींचे त्या आकड्याच्याही बाहेर.

मग आला ओमायक्रॉन, आणि त्याच्या येण्यात एक वेगळीच गोष्ट दडलेली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांच्या ध्यानात आले की नेहमीच्या चाचणीत उमटणाऱ्या तीन खुणांपैकी एक उमटत नाही. कोणी ती यंत्राची खोड समजून सोडून दिली असती. त्यांनी तसे केले नाही. शेजारच्या बोट्सवानातही त्याच सुमारास तोच पाठ वाचला जात होता. नुसत्या काट्याच्या प्रथिनात तीसहून अधिक बदल. तुलिओ दे ओलिव्हेरा आणि सिखुलिले मोयो या शास्त्रज्ञांची नावे तेव्हा जगाने ऐकली. २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवले, २६ ला बारसे झाले, आणि बारशाची भेट म्हणून अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची विमाने बंद केली. ज्याने पाठभेद वाचून दाखवला त्याच्याच घरावर बहिष्कार!

आपण त्यावर नाक उडवायचे कारण नाही. त्याच वर्षी मे महिन्यात परदेशी वर्तमानपत्रे ‘भारतीय विषाणू’ म्हणू लागली तेव्हा आपल्याला झोंबले, आणि केंद्र सरकारने आक्षेप घेतला तो रास्तच होता. पण २०२० मध्ये आपल्याच गावात मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला वेशीवर कोणी अडवले होते? परिचारिकेला खोली रिकामी करायला कोणी सांगितले होते? ज्या इमारतीत रुग्ण सापडला तिच्या दारावर पत्रे ठोकताना बघे होऊन फोटो कोणी काढले होते? आजाराला गावाचे नाव चिकटले की गाव आजार लपवू लागते, हे आपण प्लेगपासून पाहत आलो आहोत. म्हणून मे २०२१ च्या अखेरीस या प्रकारांना ग्रीक अक्षरे देण्याचा निर्णय झाला, तो वरवर दिसतो तेवढा किरकोळ नव्हता. अक्षराला ना वेस असते ना जात.

ग्रीक वर्णमालेची चोवीस अक्षरे. ओमायक्रॉन पंधरावे. त्याच्या आधीची दोन गाळली, त्यांतले एक अनेकांचे आडनाव आहे म्हणून. आणि गंमत अशी की नामकरणाची ती गाडी पंधराव्यावरच थांबली; त्यानंतर जे आले ते सारे ओमायक्रॉनचेच नातूपणतू, म्हणून त्यांना नावांऐवजी आकडे मिळाले. आकडा आला की भीती ओसरते, आणि भीतीबरोबर लक्षही. डेल्टा म्हटले की अंगावर काटा येतो, जेएन.१ म्हटले की एखाद्या बसचा क्रमांक वाटतो. डोंबिवलीची गोष्ट पाहा. पाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा १९९९ मध्ये जिथे रुजली, त्याच कल्याण-डोंबिवलीत डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातला पहिला ओमायक्रॉन सापडला. तेव्हा महिनाभर दुसरा विषय नव्हता. ७ जानेवारीला मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण झाले तेव्हा तर नव्हताच. दोन वर्षांनी जेएन.१ राज्यात पहिल्यांदा सिंधुदुर्गात आढळला, आणि आपण ती बातमी कोपऱ्यातल्या चौकटीत वाचून पान उलटले. मधल्या काळात, ५ मे २०२३ ला, जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले होते. पान उलटायला तेवढे निमित्त पुरेसे झाले.

पान उलटले ते चुकले, असे आपण म्हणणार नाही. जन्मभर वेशीवर पहारा देत बसणे माणसाला जमत नाही, जमू नये. लशीने आणि येऊन गेलेल्या आजाराने आपल्या शरीरांनाही हा मजकूर आता बराचसा ओळखीचा झाला आहे. २०२५ च्या मे-जूनमध्ये रुग्ण वाढले तेव्हा बहुतेकांचे चार दिवसांच्या ताप-खोकल्यावर भागले. सौम्य, असा शब्द सगळ्यांनी वापरला. पण तो शब्द बहुधा पस्तिशीतला निरोगी माणूस वापरतो. डायलिसिसवर असलेल्या काकांना, केमोथेरपी चाललेल्या मावशींना, ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना तो लागू पडतो की नाही हे त्यांच्या घरी जाऊनच विचारावे. सणाच्या दिवशी नमस्काराला वाकताना आपल्याला कालपासून कणकण असेल, तर त्या घरी उद्या गेलेले बरे. पूर्वी घरात गोवर-कांजिण्या असल्या की दाराला कडुनिंबाची डहाळी लावत. येणाऱ्याने समजायचे आणि मागे फिरायचे. कोणाला त्यात अपमान वाटत नसे. तो संकेत आपण अडाणी म्हणून टाकला, आणि त्या जागी दुसरा काही आणला नाही.

सरकारदरबारी मात्र पान उलटण्याचा अर्थ थोडा वेगळा झाला. चाचण्या घटल्या, म्हणून वाचायला नमुने घटले. नमुने घटले, म्हणून यंत्रे झाकून ठेवली गेली. आणि ती चालवणाऱ्या, कंत्राटावर घेतलेल्या मुलांना कंत्राट संपल्यावर दुसरीकडे जावे लागले. दिवाळी संपल्यावर आकाशकंदील माळ्यावर ठेवावा, तशी ही व्यवस्था ठेवता येत नाही; धूळ बसली की ती पेटत नाही. त्यातल्या त्यात एक शहाणपणाचे काम पुण्यात झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि इतर संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी शहराच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यातून विषाणूचे प्रकार वाचायला सुरुवात केली. कोणाच्या नाकात काडी घालायला नको, कोणाचे नाव विचारायला नको. नाला सगळ्या वस्त्यांचा मजकूर एकत्र वाहून आणतो, बंगल्याचा आणि चाळीचाही. हे काम प्रत्येक महापालिकेच्या अंदाजपत्रकात नेमाने असावे. खर्च म्हणाल तर एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून फार नसेल, आणि चौक दरवर्षी नव्याने सुशोभित होतातच.

१९१८ मध्ये हे काहीच नव्हते. तो इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरला, थोडा खोकवून ओसरला, लोक सुटलो म्हणाले, आणि सप्टेंबरात तो परतला तेव्हा स्मशानात लाकूड पुरेनासे झाले. मधल्या तीन महिन्यांत काय बदलले हे वाचायला कोणाजवळ डोळे नव्हते. विषाणू ही चीज काय असते हेच धड माहीत नव्हते. आपल्यापाशी ते डोळे आहेत. डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या चार महिन्यांत ते होते, तरी आपण उशीर केला. हा या वहीतला लाल शाईचा आकडा, आणि तो कोणा एका सरकारच्या नावे मांडून मोकळे होता येणार नाही. लग्नाच्या याद्या आपण करत होतो.

जमेच्या बाजूला काय लिहावे? एक गोष्ट निश्चित लिहिता येईल. विषाणूने पाठ बदलले तसे आपणही बदलले. वारी चुकू द्यायची नाही म्हणून २०२० मध्ये माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, पुढच्या वर्षीही गेल्या. दोन वर्षे गणपती घरात दोन फुटांचा आणि मंडळात चार फुटांचा झाला. लालबागच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्तीच बसवली नाही. त्या जागी आरोग्योत्सव मांडला आणि रांगा रक्तदानाच्या लागल्या. गुढीला गाठीऐवजी खडीसाखर चालली. धर्म बुडेल म्हणणारे होतेच, पण बुडाला नाही. परंपरा ही देखील हातोहात नकलली जाणारी पोथी आहे. तिच्यात मूळ संहिता कोणती आणि पाठभेद कुठला, हे अडचणीच्या दिवसांत आपोआप कळून येते. दोन वर्षांत जे गाळले त्यातले किती आपण परत आणले, आणि आणले नसते तर चालले असते काय, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरापुरता करावा. ढोलताशांच्या दणदणाटाबद्दल आमचे मत आम्ही आज सांगत नाही. सणाचा दिवस आहे.

यंदाच्या पंचांगात ज्येष्ठ अधिक आहे. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकराएक दिवसांनी तोकडे पडते, ती तूट साठत जाते, आणि तिसऱ्या वर्षी एक महिना वाढवून भरून काढावी लागते. आपल्या पूर्वजांनी ती तूट लपवली नाही. दरवर्षी मोजली, लिहून ठेवली, आणि भरायची वेळ आली तेव्हा महिनाच्या महिना बाजूला काढून त्याला पुरुषोत्तम मास म्हटले. जावयाला अनारसे नाहीतर बत्तासे देऊन त्याचे गोड केले, हा भाग वेगळा. मोजत राहणे हा मात्र त्या शास्त्राचा गाभा.

संध्याकाळी सूर्य कलला की गुढी उतरवायची. हळदकुंकू वाहून, अक्षता टाकून, तांब्या अलगद काढायचा. गाठीवर मुलांचा डोळा सकाळपासून असतोच; ती दोरा तोडून वाटली जाते आणि दाताखाली कडकड वाजते. खण किंवा साडी घडी होऊन कपाटात जाते, काठी माळ्यावर. राहते ती कडुनिंबाची डहाळी, दिवसभराच्या उन्हाने मलूल झालेली. ती कोणी फेकत नाही. दोन दिवस सावलीत वाळवून, पाने ओरबाडून, वर्षाच्या गव्हात आणि तांदळात मिसळायची असतात, म्हणजे कीड लागत नाही. कोठीचे झाकण लावण्याआधी घरातली बाई हात आत कोपरापर्यंत घालून दाणे वरखाली करते, मूठभर बाहेर काढते आणि उजेडात धरून पाहते.